क्रीडापटु लेडी मेहेरबाई टाटा

दरवर्षी या वार्षिकात एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, हा आपला जुना प्रघात आहे. यंदा आम्ही ज्या स्त्रीचे चरित्र निवडले आहे, ती ग्रंथकर्ती नव्हती आणि राज्यकर्तीही नव्हती. तिची कीर्ती प्रथम झाली ती टेनिसच्या मैदानावर. चेंडू व रॅकेट हाती घेऊन नाव मिळविलेल्या बाईंच्या चरित्रापासून आमच्या मुलामुलींनी काय शिकावे, अशी शंका काही पालकांच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले.

आधी आमच्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. आम्ही शिक्षकाच्या पेशात नुकतेच पदार्पण केले होते, त्या वेळी समुद्रकाठच्या एका गावी आमच्या वर्गात एक कोळ्याची मुलगी होती. धावण्यात तिच्या तोडीचा मुलगादेखील शाळेत नव्हता. पाचवी, सहावी, सातवी अशी तीन वर्षे तिने प्रत्येक शर्यत जिंकली. आठवीत आल्यावर मात्र ती मैदानाच्या कडेला, सुरूच्या सावलीत बसू लागली. आता मोठी झालीस, चारचौघांत धावणे शोभत नाही, असे घरी ठरले होते. तिच्या वडिलांना भेटून दोन शब्द बोलावे असे आमच्या मनात अनेकदा आले. परंतु आपण परके, त्यांच्या घरच्या गोष्टीत कसे पडावे, असा संकोच करून आम्ही गप्प राहिलो. पुढच्या वर्षी तिने शाळाही सोडली. मैदान सुटले त्याच दिवशी शाळाही अर्धी सुटली होती, हे आम्हांस फार उशिरा उमगले. लेडी मेहेरबाई टाटा यांचे चरित्र आमच्या वाचनात आले तेव्हा आम्हांला प्रथम आठवण झाली ती त्या मुलीची.

मेहेरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी मुंबईत एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील होर्मसजी भाभा हे शिक्षणक्षेत्रातील नामांकित गृहस्थ होते. म्हैसूर संस्थानच्या नोकरीत ते शिरले व पुढे त्या संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख अधिकारी झाले. त्यामुळे मेहेरबाईंचे बालपण बंगळूर व म्हैसूर येथे गेले. बंगळूरच्या बिशप कॉटन या ख्रिस्ती शाळेत त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले, आणि पुढचे पुष्कळसे शिक्षण वडिलांच्या ग्रंथसंग्रहात झाले. ज्या काळी पुष्कळ घरांत मुलीला अक्षरओळख करून देणे हाही उधळेपणा समजला जाई, त्या काळी होर्मसजींनी आपल्या मुलीला पुस्तके दिली, पियानो शिकविला आणि उघड्या हवेत खेळूही दिले. मुलीच्या आयुष्याची पहिली दिशा बापाच्या होकाराने ठरते, याचे हे एक ठळक उदाहरण होय.

मुंबईचे थोर उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे म्हैसूरला जाणेयेणे असे व भाभांच्या घराशी त्यांचा परिचय होता. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव दोराबजी यांच्याशी मेहेरबाईंचा विवाह १४ फेब्रुवारी १८९८ रोजी झाला. वधू अठरा वर्षांची व वर अडतीस वर्षांचा होता. वयात एवढे अंतर असूनही दोघांची मने जुळली, त्यास एक कारण असे की, दोघांनाही खेळांचे विलक्षण वेड होते. केंब्रिजला शिकत असताना दोराबजींनी क्रिकेट, फुटबॉल आदी खेळांत आपली चुणूक दाखविली होती. मेहेरबाई उत्तम घोडेस्वार होत्या. पुढे मोटारगाडीही त्या स्वतः हाकीत असत. मुंबईच्या कोट भागातील एस्प्लनेड हाऊस या टाटांच्या प्रशस्त वाड्यात त्यांचा संसार सुरू झाला. १९१० साली दोराबजींना सर हा किताब मिळाला, आणि तेव्हापासून मेहेरबाई लेडी टाटा या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

आता त्यांच्या खेळाविषयी. टेनिसचा हल्लीचा खेळ इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. विम्बल्डनचे सामने १८७७ साली सुरू झाले व स्त्रियांना तेथे प्रवेश मिळाला तो १८८४ साली. म्हणजे मेहेरबाई चार-पाच वर्षांच्या होत्या त्या वेळी खुद्द इंग्लंडातही स्त्रीने चारचौघांत टेनिस खेळणे ही नवलाईच होती. टेनिसचे मैदान ७८ फूट लांब असते. दोघांच्या खेळात ते २७ फूट रुंद व चौघांच्या खेळात ३६ फूट रुंद धरतात. मध्ये जाळी असते व ती मधोमध ३ फूट उंच असते. एवढ्या जागेत मागे, पुढे, आडवे असे सारखे धावावे लागते, आणि चेंडू कोठे पडणार याचा अंदाज क्षणार्धात बांधावा लागतो. त्या वेळच्या युरोपीय स्त्रिया घोट्यापर्यंत लांब घागरे नेसून व कंबरेस आवळपट्टे बांधून हा खेळ खेळत. सुझान लांग्लेन या फ्रेंच खेळाडूने १९१९ साली विम्बल्डन येथे पोटरीपर्यंतचा झगा घातला तेव्हा तेथील सभ्य मंडळींत केवढी खळबळ उडाली! यावरून ध्यानात येईल की, बाईने मैदानावर काय ल्यावे याची चिंता केवळ आपल्याच देशाला पडली होती असे नव्हे.

मेहेरबाईंनी ही अडचण आपल्या पद्धतीने सोडविली. त्या साडी नेसूनच टेनिस खेळत. देशात असोत वा परदेशात, मैदानावर उतरताना त्यांनी साडी कधी सोडली नाही. साडी नेसून धावता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी धावून दाखविले. आणि मैदानावर उतरणारी स्त्री आपल्या रीतिभाती टाकून देते, असे म्हणणाऱ्यांनाही त्याच साडीने परस्पर उत्तर मिळाले. येथे आम्हांला आपल्या किनाऱ्यावरील कोळणींचे व आगरी बायांचे स्मरण होते. कासोटा घालून, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन कोस कोस झपाझप चालणाऱ्या या बायांच्या चपळाईला नेसण कधी आड आले नाही. पोट भरण्यासाठी धावणाऱ्या बाईला आपण कधी नावे ठेवीत नाही. नावे ठेवितो ती आनंदासाठी धावणाऱ्या मुलीला. यातला विरोध वाचकांनी स्वतःशीच पडताळून पाहावा.

मेहेरबाईंचा खेळ म्हणजे श्रीमंतांची हौसमौज नव्हती. त्यांनी निरनिराळ्या सामन्यांत मिळून साठांहून अधिक पारितोषिके मिळविली. मुंबई इलाख्यातील खेळाडूंत मानाच्या समजल्या जाणाऱ्या पश्चिम हिंदुस्थानच्या टेनिस सामन्यांत त्यांनी तिहेरी विजय संपादन केला. ज्यांना सामन्यांचा अनुभव आहे त्यांस ठाऊक असेल की, पैशाने उत्तम रॅकेट विकत घेता येते, परंतु जाळीपलीकडून येणारा चेंडू परतविण्याचे कसब विकत मिळत नाही. ते रोजच्या सरावाने, घाम गाळून व पुष्कळदा हरूनच अंगी आणावे लागते. मैदानावर पंचाचा निकाल सर्वांना सारखाच असतो. टाटांची सून म्हणून कोणी त्यांचा चुकलेला चेंडू रेषेच्या आत पडला असे म्हणत नसे. धनिकाच्या घरच्या मनुष्याला जगात जी गोष्ट क्वचित मिळते, ती म्हणजे नि:पक्षपाती न्याय, ती त्यांना या खेळाने दिली.

पतिपत्नींच्या या क्रीडाप्रेमाचा लाभ पुढे सबंध देशाला झाला. सर दोराबजी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना तेथील शर्यतींत खेड्यापाड्यांतील तरुण अनवाणी धावताना त्यांनी पाहिले. या तरुणांचा वेग पाहून त्यांना वाटले की, यांना जगाच्या मैदानावर का पाठवू नये? स्वतःच्या पदरचे पैसे घालून त्यांनी १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडूंची तुकडी धाडली. त्या तुकडीत बेळगावचे फाडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनच्या लांब शर्यतीत त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. कोल्हापूरचे पैलवान दिनकरराव शिंदे हेही त्यांच्यासमवेत होते. १९२७ साली इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद दोराबजींकडे आले. आज आपल्या देशाचे खेळाडू ऑलिंपिकमध्ये पदके मिळवितात तेव्हा आपण आनंदाने नाचतो. त्या वाटेवरचा पहिला दगड कोणी बसविला हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

१९२४ साल हे मेहेरबाईंच्या आयुष्यातील फार महत्त्वाचे वर्ष होय. त्या वर्षी ऑलिंपिक सामने पॅरिस येथे भरले. टेनिसच्या मिश्र दुहेरी सामन्यांत, म्हणजे ज्यात प्रत्येक बाजूस एक पुरुष व एक स्त्री असते त्या प्रकारात, लाहोरचे सुप्रसिद्ध खेळाडू महंमद सलीम यांच्या जोडीला लेडी टाटा यांचे नाव होते. ऑलिंपिकच्या टेनिसमधील पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो तो यामुळे. त्या वेळी त्यांचे वय चव्वेचाळीस वर्षांचे होते! स्त्रियांच्या एकेरी सामन्यांचे सुवर्णपदक त्या वर्षी हेलन विल्स या अमेरिकन मुलीने मिळविले. ती होती अवघी अठरा वर्षांची. आपल्या जोडीला पदक मिळाले नाही. पण ज्या वयात आपल्याकडील बायका स्वतःला म्हातारी म्हणवून घेऊ लागत, त्या वयात, समुद्रापार, साडी नेसलेली एक हिंदी स्त्री जगातील निवडक खेळाडूंच्या पंगतीत आपले नाव नोंदविते, ही गोष्ट एखाद्या पदकाहून कमी आहे असे आम्हांस वाटत नाही. त्या वर्षानंतर टेनिसचा खेळ ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आला व पदकासाठी तो पुन्हा खेळला गेला तो थेट १९८८ साली.

त्याच १९२४ साली टाटा घराण्यावर एक मोठे संकट कोसळले. ते समजण्यासाठी त्यांच्या उद्योगांची थोडी माहिती हवी. जमशेटजी १९०४ साली वारले. पोलादाचा कारखाना व पाण्यापासून वीज ही त्यांची स्वप्ने अपुरी होती, आणि ती पुरी करण्याचा भार दोराबजींवर पडला. यांतील विजेची गोष्ट तर आपल्या अगदी दाराशी घडली. आपला रायगड जिल्हा त्या वेळी कुलाबा जिल्हा या नावाने ओळखला जात असे. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस सोडून त्यावर वीज उत्पन्न करण्याचे काम १९१५ साली सुरू झाले. पुढे १९२७ साली भिरा येथील वीजघर चालू झाले. भिऱ्याच्या वीजघरातून बाहेर पडणारे पाणी कुंडलिका नदीत मिसळते व कोलाड, रोहे या गावांवरून येऊन रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. रेवदंड्याच्या खाडीत होडी हाकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी त्या पाण्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे. या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भिऱ्यासाठी बांधलेल्या मुळशीच्या धरणात मावळातील शेतकऱ्यांची गावे व जमिनी बुडाल्या, आणि त्याविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. दिव्याच्या उजेडाची किंमत कोणीतरी मोजलेली असते, हेही खरे शिक्षणच आहे.

पोलादाचा कारखाना आजच्या झारखंड राज्यातील साकची या ठिकाणी उभा राहिला. त्या गावाचे नाव पुढे जमशेदपूर झाले. पहिल्या महायुद्धानंतर या कारखान्याची मोठी वाढ करण्यात आली. परंतु यंत्रसामग्री महाग झाली, परदेशी पोलाद स्वस्त दराने देशात येऊ लागले, आणि १९२३ साली जपानात झालेल्या प्रचंड भूकंपामुळे तेथील मोठे गिऱ्हाईकही तुटले. अखेर कामगारांचे पगार देण्यापुरताही पैसा तिजोरीत उरला नाही. कारखाना बंद पडता तर हजारो कुटुंबे रस्त्यावर येती. अशा वेळी सर दोराबजींनी आपली सारी खाजगी मालमत्ता बँकेत गहाण टाकून एक कोट रुपयांच्या कर्जाची सोय केली. त्या गहाणात मेहेरबाईंचे दागिने होते, व त्यांत त्यांचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता.

या हिऱ्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. हा हिरा दक्षिण आफ्रिकेतील खाणीत १८९५ साली सापडला. पैलू पाडल्यावर त्याचे वजन २४५ कॅरटांहून अधिक भरले. म्हणजे सुप्रसिद्ध कोहिनूर हिऱ्याच्या दुपटीहूनही तो मोठा. दोराबजींनी तो प्रेमाने आपल्या पत्नीस दिला होता. पुरुषाने आपली मालमत्ता गहाण ठेवली, याची इतिहास मोठ्या गौरवाने नोंद करितो. परंतु त्यातील सर्वांत तेजस्वी वस्तू ज्या स्त्रीच्या गळ्यातून उतरली, तिच्या मनाची थोरवीही तितक्याच गौरवाने नोंदविली पाहिजे. आपल्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी किंवा नांगराच्या बैलासाठी आईच्या हातातील पाटल्या सावकाराकडे जाताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगावयास नको. पाटली लहान असो की हिरा मोठा असो, अंगावरून तो काढून देताना लागणारे मनोबल एकच असते. सुदैवाने कारखाना सावरला, कर्ज फिटले व गहाण ठेवलेले धन सुटले. जमशेदपूर जगले.

मेहेरबाईंचे सार्वजनिक कार्यही मोठे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी केलेल्या सेवेबद्दल १९१९ साली त्यांना सरकारी सन्मान मिळाला. मुंबई इलाख्यातील स्त्रियांची परिषद व १९२५ साली स्थापन झालेली हिंदी स्त्रियांची राष्ट्रीय परिषद या संस्थांच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. मुलींचे शिक्षण, पडद्याची चाल नाहीशी करणे, अस्पृश्यतेचे निवारण, स्त्रियांना मताचा हक्क, या प्रश्नांवर त्या निर्भयपणे बोलत. १९२७ साली अमेरिकेतील बॅटल क्रीक या गावी व्याख्यान देऊन त्यांनी तेथील लोकांना हिंदी स्त्रीच्या स्थितीची ओळख करून दिली. त्यांच्या कार्यातील कळसाची गोष्ट म्हणजे बालविवाहाविरुद्ध त्यांनी दिलेला लढा. हरविलास सारडा यांनी मांडलेल्या विधेयकाचा त्यांनी पाठपुरावा केला. हे विधेयक १९२९ साली मंजूर झाले व १ एप्रिल १९३० पासून सारडा कायदा म्हणून अमलात आले. मुलीचे वय चौदा व मुलाचे अठरा पुरे होण्याआधी त्यांचे लग्न लावणे या कायद्याने गुन्हा ठरला. पुढे ही वयोमर्यादा वाढत जाऊन मुलीसाठी अठरा व मुलासाठी एकवीस झाली.

टेनिसचे मैदान व सारडा कायदा यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध अगदी निकटचा आहे. दहाव्या वर्षी जिचे लग्न होते तिला खेळण्याचे वयच लाभत नाही. बाहुली ठेवून लगेच पाळण्याची दोरी हाती घेणाऱ्या मुलीचे बालपण कायद्याने वाचविल्याखेरीज तिच्या हाती रॅकेट, पाटी वा लेखणी यांपैकी काहीच येणार नव्हते. स्वतः मनसोक्त खेळलेल्या स्त्रीलाच खेळण्याच्या वयाची किंमत पुरती कळली, यात नवल ते काय?

१९३१ साली मेहेरबाई परदेशी असताना त्यांना रक्ताच्या कर्करोगाने ग्रासले. ज्या देहाने मैदानावर थकवा म्हणून जाणला नव्हता तो या रोगापुढे थकला. वेल्समधील रुथिन या गावी १८ जून १९३१ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय एक्कावन्न वर्षांचे होते. इंग्लंडातील ब्रुकवुडच्या दफनभूमीत पारशी मंडळींच्या भागात त्यांचे स्मारक आहे. या दांपत्यास मूलबाळ नव्हते. सर दोराबजींना हा आघात सोसला नाही. पुढल्या वर्षी पत्नीच्या पहिल्या स्मृतिदिनास हजर राहावे म्हणून ते निघाले. पण वाटेतच जर्मनीत, ३ जून १९३२ रोजी, म्हणजे स्मृतिदिनास अवघा पंधरवडा उरला असता, त्यांनी देह ठेवला. ब्रुकवुड येथे दोघेही शेजारी शेजारी विसावली आहेत.

जाण्यापूर्वी दोराबजींनी दोन मोठी कामे उरकली होती. पत्नीचा घात करणाऱ्या रोगाचे संशोधन व्हावे म्हणून त्यांनी १९३२ साली लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापिला; आणि आपली सारी संपत्ती सर दोराबजी टाटा ट्रस्ट या नावाने लोककार्यास वाहिली. त्याच काळात मेहेरबाईंच्या नावाने आणखी एक निधी स्थापन झाला. परदेशी उच्च शिक्षणास जाऊ इच्छिणाऱ्या पदवीधर स्त्रियांना त्यातून साहाय्य मिळते. ज्युबिली हिराही पुढे विकला गेला व त्याचे धन दोराबजींच्या ट्रस्टकडे आले. याच ट्रस्टने १९४१ साली परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. आपल्या किनाऱ्यावरील गावांतून रुग्णास घेऊन परळची वाट धरावी लागलेली घरे थोडी नाहीत. त्याच रुग्णालयाशी निगडित अशी कर्करोगाच्या संशोधनाची व उपचाराची मोठी संस्था आपल्याच जिल्ह्यात, खारघर येथे उभी आहे. जमशेदपूरलाही मेहेरबाईंच्या नावाचे कर्करुग्णालय आहे. ज्या हिऱ्याने एकदा कामगारांच्या चुली विझू दिल्या नाहीत, त्याचे मोल अखेर रुग्णांच्या कामी आले.

या कुळातील आणखी एका दिव्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. भारताच्या अणुशक्तिकार्याचे जनक डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. त्यांच्या भावाचे ते चिरंजीव. त्यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेस १९४५ साली दोराबजींच्या ट्रस्टनेच आधार दिला. उरणकडून खाडीपलीकडे पाहिले असता दिसणारा तुर्भ्याचा अणुसंशोधनाचा पसारा हा होमी भाभांच्याच प्रयत्नांचे फळ होय.

मैदानावरील त्यांचा वसाही रिकामा राहिला नाही. मुंबईच्या लीला राव यांनी १९३४ साली विम्बल्डन येथे सामना जिंकला. तेथे विजय मिळविणारी पहिली भारतीय स्त्री ती हीच. लीला राव यांच्या मातोश्री क्षमा राव या संस्कृत कवयित्री म्हणून विख्यात असून त्या स्वतःही टेनिस खेळत असत. एका हातात काव्य व दुसऱ्या हातात रॅकेट घेणारी आई लाभली म्हणजे मुलगी विम्बल्डनपर्यंत जाते, हे पालकांनी मनावर घ्यावे.

आता कोणी म्हणेल की, मेहेरबाई श्रीमंत होत्या. त्यांना वाडा होता, नोकरचाकर होते, अनुकूल पती होता. आमच्या मुलींना यांतले काय आहे? हा आक्षेप खोटा नाही, आणि तो झाकून हे चरित्र पुरे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेहेरबाईंना तीन गोष्टी विनासायास लाभल्या होत्या: खेळण्यास जागा, खेळण्यास वेळ आणि खेळण्यास घरची परवानगी. यांपैकी जागा देणे हे शाळेचे काम आहे. ते शाळेने केले पाहिजे, आणि मुलांचा खेळ संपल्यावर उरलेल्या कोपऱ्यात मुलींना उभे करून ते पुरे होत नाही, हे आम्ही शिक्षकांनी स्वतःस बजावले पाहिजे. वेळ व परवानगी या दोन गोष्टी मात्र पालकांच्या हाती आहेत, आणि त्यांना एक पैसाही लागत नाही. होर्मसजी भाभांनी आपल्या मुलीला दिलेली सर्वांत मोलाची वस्तू ग्रंथसंग्रह नव्हती व पियानोही नव्हती. ती होती त्यांची संमती. ती झावळ्यांच्या छपराखालीही देता येते.

मुलींनो, तुम्ही सर्वजणी टेनिस खेळाल असे नाही. कोणी खोखो खेळेल, कोणी लंगडी, कोणी कबड्डी, तर कोणी नुसती वाळूत धावेल. हरल्यावर प्रतिपक्षाच्या मुलीचा हात हातात घ्यावयास शिका, जिंकल्यावर तोल सांभाळावयास शिका, आणि पंच चुकला तरी खेळ टाकून जाऊ नका. मुलांनो, तुमच्या बहिणी खेळत असता त्यांना हसू नका. मिश्र दुहेरीच्या खेळात जाळीच्या एकाच बाजूस उभे राहून परस्परांस सांभाळावे लागते, आणि संसाराचे तरी याहून वेगळे काय आहे?

पालकांस आमची एकच विनंती आहे. शाळा सुटल्यावर आपली मुलगी अर्धा तास उशिरा घरी आली, तिच्या पायांना मैदानाची माती असली, तर तिला रागे भरू नका. एके काळी आम्ही ज्या दारी जाऊन दोन शब्द बोलावयास हवे होते तेथे गेलो नाही. ते दार आता आमच्यासाठी बंद झाले आहे. म्हणून तेच दोन शब्द आज आपल्या दारी, या पानावरून, आम्ही घेऊन आलो आहोत.